७५० पैकी २८२

गेल्या जूनमध्ये आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. विषयपत्रिकेवरचा तिसरा विषय नेहमीचाच होता : गणेशोत्सवातील विद्यार्थी गुणगौरव. आतापर्यंत दहावी-बारावीला ७५ टक्के आणि त्यावर गुण मिळवणाऱ्या पाल्यांना आपण व्यासपीठावर बोलावून पुष्पगुच्छ, प्रशस्तिपत्रक आणि एखादे पुस्तक देत आलो आहोत. यंदा एका सदस्यांनी सुचवले, की यादी फार लांबते, आरतीला उशीर होतो, तेव्हा मर्यादा ८० करावी. दुसरे म्हणाले, "अहो, ८५ करा, हल्ली ऐंशी कोणाला नसतात?" सगळे हसले. मीही हसलो. माझ्या धाकट्या मुलीचा दहावीचा निकाल महिन्याभरापूर्वीच लागला होता. तिला ६८ टक्के होते.

बैठकीत मी काही बोललो नाही. बोललो असतो तर हा स्वतःच्या मुलीसाठी बोलतो आहे असे वाटले असते, आणि ते काही अंशी खरेही ठरले असते. पण विषय डोक्यातून जाईना. पुढे स्मरणिकेच्या संपादकांचा फोन आला, की बडोद्याच्या इतिहासावर काही तरी लिहून द्या. तेव्हा मला वाटले, की जे बैठकीत बोलता आले नाही ते इतिहासाच्या निमित्ताने लिहावे. मी इतिहासकार नाही. स्थापत्य शाखेचा डिप्लोमा करून वीस-बावीस वर्षे राज्य सरकारच्या नोकरीत असलेला माणूस आहे. रविवारी जुनी पुस्तके चाळत बसण्याची सवय आहे, एवढेच भांडवल.

मुळात आपला 'गुण' हा शब्दच जरा फसवा आहे. 'गुणी मुलगी' म्हणताना तिला किती मार्क पडले हे कोणाच्या मनातही नसते. वैद्याच्या औषधाचा गुण येतो, संगतीचा गुण लागतो. तोच शब्द गुणपत्रकावर गेला, की निव्वळ आकडा होतो. इथे गुजरातमध्ये त्यात आणखी एक भर पडली आहे. बोर्डाच्या निकालावर टक्क्यांच्या जोडीला पर्सेन्टाइलही असतो. क्लासवाल्यांच्या फलकावर मुलाचा फोटो आणि खाली ९९ च्या पुढचे आकडे पाहून पुण्याहून आलेले आमचे एक मेव्हणे थक्क झाले होते. टक्के वेगळे आणि पर्सेन्टाइल वेगळा, हे त्यांना समजावताना माझीच तारांबळ उडाली.

आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या शाळेत हा प्रकार नव्हता. पंतोजी धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत, पाढे, पावकी, निमकी, दिडकी म्हणून घेत, मोडी वाचायला शिकवत. हिशोब आला आणि कागद वाचता आला, की मुलगा शाळेतून उठून वडिलांच्या हाताखाली बसे. ती व्यवस्था फार थोर होती असे मी म्हणत नाही. छडी होती, घोकंपट्टी तर भरपूरच होती, आणि मुली व कितीतरी जातींची मुले त्या ओसरीवर पायही ठेवू शकत नव्हती. फक्त, मुलाला काय येते हे पाहायला तिथे आकड्याची गरज पडत नसे.

आकडा आला तो विद्यापीठांबरोबर. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे स्थापन झाली. ती आजच्यासारखी शिकवणारी नव्हती. त्यांचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच होते. शिकवायचे कॉलेजांनी, तपासायचे विद्यापीठाने. मुंबई विद्यापीठाची पहिली बी.ए. परीक्षा १८६२ साली झाली आणि तीत चौघे जण उत्तीर्ण झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पहिल्याच खेपेला रानडे-भांडारकरांसारखी माणसे निघाल्यावर लोकांचा परीक्षेवर विश्वास बसला तर नवल नाही.

त्याच १८६२ साली तिकडे इंग्लंडमध्ये एक नवा नियम आला. शाळेला सरकारी अनुदान किती द्यायचे ते मुलांच्या परीक्षेच्या निकालावर ठरवायचे. इन्स्पेक्टर येणार, एकेका मुलाची वाचन, लेखन आणि गणितात परीक्षा घेणार, आणि जितकी मुले पास तितके पैसे. ही पद्धत आपल्याकडेही आली. आजीच्या तोंडून 'दिपोटी' हा शब्द ज्यांनी ऐकला असेल त्यांना त्या दिवसाचा धाक ठाऊक असेल. डेप्युटीसाहेब येणार म्हटले, की शाळा सारवली जायची, मुलांना धुतलेली टोपी घालून यावे लागायचे आणि ठरावीक धडा ठरावीक मुलाकडून पाठ करून घेतला जायचा. मुलाच्या डोक्यात काय उतरले यावर आता मास्तरांच्या शाळेचे पैसे अवलंबून नव्हते. त्या एका दिवशी तोंडातून काय बाहेर पडले, यावर होते. सरकारला स्वतःलाच याचा वीट आला आणि १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात ही पद्धत बाजूला ठेवली गेली. तोवर चाळीस वर्षांची सवय अंगात मुरली होती.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादीच दिली आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्याचे नियम, नीती. ही यादी वाचताना जाणवते, की त्यांच्या डोळ्यांसमोर शेतकऱ्याचे मूल होते. परीक्षेचा कागद नव्हता.

आता बडोद्याकडे येतो.

मालेगावजवळच्या कवळाणे गावात १८६३ साली जन्मलेला गोपाळराव नावाचा मुलगा १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला, ही गोष्ट इथल्या प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. बारा वर्षांच्या त्या मुलाला तोपर्यंत लिहिता-वाचता येत नव्हते. राजवाड्यात इलियट साहेबांच्या देखरेखीखाली तो शिकला आणि १८८१ च्या डिसेंबरात त्याच्या हाती राज्यकारभार आला. मॅट्रिक, इंटर, बी.ए. यांपैकी काही त्यांच्या वाट्याला आले नाही. म्हणजे ज्या सयाजीराव महाराजांच्या नावाने आज आपल्या शहरात विद्यापीठ आहे, त्यांच्याकडे त्या विद्यापीठात प्रवेश मिळेल असे प्रमाणपत्र नव्हते. उशिरा शिकायला लागल्यामुळेच असेल, पण शिकण्याची किंमत त्यांना जन्मभर वाटत राहिली.

१८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानात लागू केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुढे ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असेच विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. विधेयक नामंजूर झाले, तो भाग वेगळा. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि शहरात सेंट्रल लायब्ररी, गावोगाव वाचनालये आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या अशी व्यवस्था उभी केली. मला या पेट्यांचे फार अप्रूप वाटते. शाळेत शिकलेले विसरू नये म्हणून पुस्तक घरापर्यंत पाठवायचे, आणि ते परत घेताना कोणी प्रश्न विचारत नाही की गुण देत नाही.

पण माझ्या जिव्हाळ्याचा विषय कलाभवन आहे.

बडोदे कॉलेज १८८१ साली निघाले होते. ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले, त्यामुळे तिथे जायचे तर मॅट्रिकचा दरवाजा ओलांडावा लागे आणि तो इंग्रजीचा दरवाजा होता. त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर आले. सुरतेचे, जातीने सुतार, गज्जर म्हणजेच सुतार, आणि स्वतः मुंबई विद्यापीठाचे एम.ए. परीक्षांमध्ये चमकलेला हा माणूस. पण त्याने महाराजांपुढे मांडलेली कल्पना परीक्षेपेक्षा निराळी होती. कारागिराच्या मुलाला त्याच्या भाषेत विज्ञान शिकवायचे. त्याच्या हातात जे कसब आहे त्याच्यामागचे शास्त्र त्याला सांगायचे. इंग्रजी येत नाही म्हणून त्याला बाहेर ठेवायचे नाही.

१८९० च्या जूनमध्ये कलाभवन सुरू झाले. चित्रकला, बांधकाम, यंत्रकाम, रंगकाम आणि रसायने असे विभाग होते. शिकवण्याची भाषा देशी. पुस्तकेच नव्हती, तेव्हा ती तयार करायची ठरली. महाराजांनी ५०,००० रुपये त्यासाठी मंजूर केले आणि 'सयाजी ज्ञानमंजूषा' या नावाने गुजराती-मराठी शास्त्रीय पुस्तकांची माला निघाली. त्या काळचे पन्नास हजार! पुस्तकांच्या आधी शब्दच नव्हते. बॉयलरला काय म्हणायचे, व्हॉल्व्हला काय म्हणायचे, इथपासून गज्जरांची तयारी होती. (याच परंपरेतला पुढचा 'श्रीसयाजीशासन शब्दकल्पतरु' हा कारभारविषयक शब्दांचा बहुभाषिक कोश १९३१ साली निघाला. सरकारी टिपणी लिहिताना अडलो, की मी अजून तो उघडतो. आमच्या साहेबांना माझे शब्द कळत नाहीत, ती गोष्ट निराळी.)

कलाभवनात परीक्षा नव्हत्या असे कोणी समजू नये. परीक्षा होत्या, प्रमाणपत्रे होती. पण रंगाचा विद्यार्थी असेल तर कापडावर रंग पक्का बसला का, यंत्राचा असेल तर तुकडा मापात उतरला का, हे दिसत असे. खोटे बोलायला जागाच कमी.

त्या कलाभवनात कोण शिकले? नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत काही काळ काढून ते थोरल्या भावाबरोबर बडोद्याला आले आणि कलाभवनात दाखल झाले. चित्रकला शिकले, छायाचित्रण शिकले, जमेल ते शिकत सुटले. गज्जरांनी त्यांना तीनरंगी ब्लॉक आणि फोटो-लिथोची कला शिकण्यासाठी रतलामला बाबूलाल वरुवळकरांकडे पाठवले. नंतर फाळक्यांनी गोध्र्याला स्टुडिओ काढला. तिथे प्लेगात पत्नी आणि मूल गेले. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना काढला, जादूचे प्रयोग केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरात त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. कॅमेरा चालवणे, फिल्म धुणे, पडदे रंगवणे, वेशभूषा, सगळ्यात त्यांचा हात होता. त्यांच्या जवळ कुठल्या विद्यापीठाची पदवी नव्हती. पदवी असती तर बहुधा ते एखाद्या कचेरीत हेडक्लार्क झाले असते. हे माझे वैयक्तिक मत. संपादकांनी ते खोडले तरी हरकत नाही.

गज्जरांची आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८९६ साली मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासले. तो डाग काही केल्या निघेना. शेवटी १८९८ साली तो काढला तो गज्जरांनीच. डाग लावणारे मराठी आणि काढणारा आपल्या बडोद्याच्या कलाभवनाचा, म्हणून कोणाचे कौतुक करावे असा प्रश्न पडतो. रसायनशास्त्र मात्र पक्के होते, यात शंका नाही. त्यांच्या हाताखाली तयार झालेले प्रा. कोटिभास्कर आणि राजमित्र बी. डी. अमीन यांनी गज्जरांच्या साथीने १९०७ साली 'अलेम्बिक' कारखाना उभारला. आज अलेम्बिक रोडवरून स्कूटरने जाताना कितीजणांना आठवते, की या कारखान्याचे मूळ एका देशी भाषेतल्या हुन्नरशाळेशी जोडलेले आहे?

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवली तर हा लेख म्हणजे ६८ टक्केवालीच्या बापाचे रडगाणे होईल.

गज्जरांच्या मनातली योजना पुरी झाली नाही. १८९६ च्या सुमारास ते बडोदे सोडून मुंबईला गेले. कलाभवन चालू राहिले, नावारूपाला आले, तिथून शिकलेली माणसे देशभरच्या गिरण्यांत आणि कारखान्यांत गेली. पण समाजाने कॉलेजाला आणि कलाभवनाला एका पंक्तीत कधी बसवले नाही. बी.ए.ला मान, कलाभवनवाल्याला काम. १९४९ साली विद्यापीठ झाल्यावर कलाभवन त्याची तंत्रशास्त्र शाखा बनले आणि शिकवण्याची भाषा इंग्रजी राहिली. डिग्री आणि डिप्लोमा ही दोन टोके तेव्हापासूनची, आणि त्यांतल्या दुसऱ्या टोकाला मी उभा आहे. कामावरचा अंदाज आम्ही काढायचा, साइटवर उन्हात आम्ही उभे राहायचे आणि बढतीच्या वेळी एका पायरीला येऊन थांबायचे, हा अनुभव माझ्या कितीतरी सहकाऱ्यांचा आहे. तक्रार कोणत्याही खात्याची नाही. नियम सगळीकडे सारखाच.

आणि तरीही, परीक्षेतल्या गुणांनी मला नोकरी दिली हे मी कसे विसरू? माझे वडील गिरणीत होते. ती बंद पडली तेव्हा मी आठवीत होतो. आमच्या ओळखीचा एकही साहेब नव्हता. भरतीची जाहिरात आली, अर्ज केला, गुणवत्ता यादी लागली आणि तीत नाव आले. यादी नसती तर वशिला लागला असता, आणि तो आमच्या सात पिढ्यांकडे नव्हता. पेशवाईत आणि संस्थानी दरबारांत नोकऱ्या कशा मिळत हे इतिहासाच्या वाचकांना सांगायला नको. काका, मामा आणि कारभारी यांच्या जागी अनोळखी परीक्षक आला, हा मोठाच बदल होता. ज्याला तुमचे नाव माहीत नाही तो तुमचा कागद तपासतो. गरिबाला दुसरा न्याय कुठला?

सयाजीरावांनाही हे कळत होते. १९१५ साली त्यांनी पुरोहितांसाठी कायदा केला, की पौरोहित्य करायचे तर परीक्षा पास व्हायला हवे. मंत्र म्हणतो त्याचा अर्थ गुरुजींना कळला पाहिजे. किती गहजब झाला असेल, कल्पना करा. सत्यनारायण सांगायला प्रमाणपत्र! म्हणजे ज्यांनी स्वतः मॅट्रिक दिली नाही त्या राजाने पिढीजात हक्काला परीक्षेने वेसण घातली. आपल्या उत्सवातल्या प्राणप्रतिष्ठेच्या वेळी मला हे दरवर्षी आठवते, पण गुरुजींसमोर बोलायचे धाडस होत नाही.

तेव्हा गुण की ज्ञान, असे दोन पारड्यांत घालून तोलण्याइतका हा विषय सोपा नाही. मी त्या बैठकीनंतर जे शोधत होतो ते मला एका जुन्या गुणगौरव समारंभात सापडले.

साल १९०७. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव रामजी आंबेडकर हा विद्यार्थी मॅट्रिक झाला. त्याला ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या हिशेबाने साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास. त्याच्या सत्कारासाठी सभा भरली. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि लेखक आवर्जून आले होते; त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले.

मी हे चार-पाच ठिकाणी वाचले होते, पण आकड्याकडे कधी लक्ष गेले नव्हते. आता गेले, आणि बैठकीतले हसणे आठवले. आपल्या मंडळाच्या ७५ टक्क्यांच्या यादीत हा मुलगा बसत नाही. ८० च्या तर नाहीच. त्याला आपण व्यासपीठावर बोलावले नसते.

त्या सभेला जमलेल्या लोकांना अंकगणित येत नव्हते असे थोडेच आहे? २८२ म्हणजे किती, ते त्यांना पक्के ठाऊक होते. पण तो मुलगा कुठून निघून तिथवर आला हेही ठाऊक होते. शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसायचे, नळाला हात लावायचा नाही, शिपायाने वरून पाणी ओतले तर प्यायचे, परळच्या चाळीतल्या एका खोलीत रात्री उठून अभ्यास करायचा. त्या सभेने गौरव केला तो या सगळ्या अंतराचा. आणि पास होणे हा त्या अंतराचा पुरावा होता, म्हणून गुणही तिथे बिनकामाचे नव्हते. २८२ च्या जागी नापास असता तर पुढचे दार उघडलेच नसते.

पुढचे दार बडोद्याचे होते. इंटरनंतर वडिलांचे हात टेकले तेव्हा केळुसकरच भीमरावांना घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले. महाराजांनी त्याला प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. गुणपत्रकावर अवलंबून राहिले असते तर काय झाले असते कोण जाणे. महाराजांना मुलाशी बोलावेसे वाटले, हे महत्त्वाचे. १९१२ साली बी.ए., १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ, १९१५ साली एम.ए. ही पुढची यादी सगळ्यांना पाठ आहे.

जे सांगताना आपण बडोदेकर जरा घाई करतो तेही सांगतो. १९१७ साली हाच विद्वान कराराप्रमाणे संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आला. शहरात त्याला राहायला जागा मिळेना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्याला बाहेर काढले. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. मुंबईच्या गाडीला वेळ होता म्हणून कमाटी बागेत जाऊन तो बसून राहिला. गुण होते, ज्ञान होते, परदेशी विद्यापीठाचा शिक्का होता, खुद्द महाराजांचा पाठिंबा होता. तरी शहराने खोली दिली नाही. त्या शहरात आपली मराठी घराणी त्या वेळीही होती. आपल्या पणजोबांपैकी कोणाच्या वाड्यात एखादी खोली रिकामी असेलच. मी आमच्या घरात विचारून पाहिले. कोणाला काही आठवत नाही, आणि आठवले असते तरी कोणी सांगितले असते असे वाटत नाही. कमाटी बागेत मुलांना घेऊन जातो तेव्हा हे मनात येते.

असो. मूळ मुद्द्यावर येतो. माझे कार्यकारिणीला एवढेच म्हणणे आहे, की ८० टक्क्यांची रेघ खुशाल ठेवा. ज्यांनी ते मिळवले त्यांनी रात्री जागून मिळवले आहेत, त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण अर्जाच्या कागदावर टक्क्यांच्या रकान्याशेजारी चार ओळी मोकळ्या सोडा. मुलगा किंवा मुलगी कुठून कुठवर आली ते पालकांना लिहू द्या. आपल्यातच पोळी-भाजीचे डबे करून तीन मुलांना शिकवणारी ताई आहे. तिचा मुलगा सकाळी डबे पोचवून बारावीला बसला आणि ६१ टक्क्यांनी पास झाला. १९०७ ची ती सभा भरवणाऱ्यांनी त्याला पहिल्या रांगेत बसवले असते. बैठकीत ठराव ८० टक्क्यांचा झाला आहे आणि सहचिटणीस या नात्याने इतिवृत्तात तो माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे. पुढच्या बैठकीत मी दुरुस्ती सुचवणार आहे. यावेळी बोलेन.

माझ्या मुलीने डिप्लोमाला प्रवेश घेतला. तिच्या आईला विज्ञान शाखा हवी होती, दोन आठवडे घरात त्यावरून अबोला होता. माझ्याही मनात बढतीची ती पायरी होतीच, पण मुलीला ड्रॉइंग आवडते आणि तिने हट्ट सोडला नाही. वर्कशॉपमध्ये पहिला जॉब मिळाला आहे : लोखंडी पट्टीच्या तुकड्याचे चारही कोपरे काटकोनात आणायचे. तिने कानस चालवून चालवून तळहाताला फोड आणला. सरांनी गुण्या लावला, उजेडाकडे धरला, एका कोपऱ्याशी फट दिसली आणि तुकडा काही न बोलता परत दिला. तीन दिवस झाले, ती अजून तोच घासते आहे.